चार ठिपक्यांचं कार्ड

३ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. आमच्याकडे सगळे बरे आहेत. तुझ्याकडेही बरेच असणार, कारण तुझ्या घरात कुणी आजारी पडायचं म्हटलं तरी तू त्याला सुखानं पडू देत नाहीस, आधी पाला बांधतेस.

परवा भाची दुकानात येऊन गेली. तिच्या चष्म्याच्या फ्रेमचा स्क्रू ढिला झाला होता. तो बसवता बसवता सहज विचारलं, आई कशी आहे? म्हणाली, "आईचं डोकं रोज दुखतं मामा. संध्याकाळी निर्गुडीची पानं गरम करून कपाळाला बांधते आणि परत शिलाई मशीनवर बसते." हे ती इतक्या कौतुकानं सांगत होती की तो स्क्रू पुन्हा ढिला करून द्यावा असं मला वाटलं.

म्हणून हे पत्र. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, कागदाच्या मध्ये तोंड घालता येत नाही.

तुझ्या त्या उशांच्या धंद्याबद्दल मी आजवर कुणापुढे अवाक्षर काढलेलं नाही. (बरं, काढलं आहे. आमच्या गल्लीत सगळ्यांना माझं मत पाठ आहे.) सावलीत वाळवलेला पाला मांजरपाटाच्या पिशवीत कोंबायचा, चारी बाजूंनी टाके घालायचे आणि 'डोकेदुखीवर उशी' म्हणून लोकांच्या गळ्यात मारायचा. डोकं दुखतंय? उशी. सर्दी झाली? पानांची वाफ. गुडघा सुजला? पानांचा शेक. कंबर धरली? निर्गुडीचं तेल. नवरा ऐकत नाही म्हणून कुणी आली तर तिलाही तू काहीतरी चोळायला देत असशील. झुडूप एक आणि रोग सतराशे साठ!

माझ्याकडे येणारी निम्मी माणसं आधी तुझ्या उशीवर झोपून आलेली असतात. काल एक शिक्षिका आल्या. त्यांना फळ्यावरचं स्वतःचंच अक्षर दिसत नाही. म्हटलं, नंबर लागलाय. तर म्हणतात, "पण उशीनं बरं वाटतंय हो." बरं वाटतंय! माणसाला काय, शेजारणीनं 'अगं बाई' म्हटलं तरी बरं वाटतं. त्यासाठी पाला कशाला लागतो?

आता थट्टा पुरे. नीट वाच.

तुझ्या वयाला रोज डोकं दुखायला लागलं तर आधी डोळे बघावे लागतात. डोळ्याच्या आतलं पाणी तुंबतं, दाब वाढतो. त्याला काचबिंदू म्हणतात हे तुला माहीत आहे, आपल्या घराला चांगलंच माहीत आहे. तो नजर कडेकडेनं खातो आणि मधली शाबूत ठेवतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. दुखणं भुवईच्या वर असतं, एकाच बाजूला, आतून कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं. दिव्याकडे पाहिलं की भोवती रंगांची कडी दिसतात, आतून निळसर, बाहेरून तांबूस, आणि त्यांच्याकडे बघत राहिलं तर जरा मळमळतं. अंधारात बसलं की जास्त होतं. झोप लागली की उतरतं. म्हणजे उतरतं झोपेनं आणि आरती ओवाळतात तुझ्या उशीला. असं काही तुला होतं का, ते खरं खरं कळव.

आईचं काय झालं ते मी सांगायला नको. कपाळाला पानं बांधून ती खिडकीत बसायची आणि आपल्याला वाटायचं, तिला आराम पडतोय. पुढे पुढे भिंत चाचपत न्हाणीघरापर्यंत जायची. ती पानं तूच आणायचीस. मी एवढंच म्हणतो आहे, जास्त काही म्हणत नाही.

सोबत एक कार्ड पाठवतो आहे. दुकानात प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला मी असं एक देतो. मधोमध फुली आहे आणि चार कोपऱ्यांत चार ठिपके. एक डोळा झाकायचा, दुसऱ्यानं फक्त फुलीकडे बघायचं, नजर हलवायची नाही. चारही ठिपके कडेनं जाणवले पाहिजेत. एखादा हरवला, तर पाला फेकून सरळ डोळ्यांचा दवाखाना गाठायचा.

हे कार्ड बनवायचीही एक रीत आहे. ज्यांच्या हाताखाली मी काचा घासायला शिकलो त्या जुन्या मालकांची. बनवणाऱ्यानं स्वतः एक डोळा मिटून, नजर फुलीवर ठेवूनच चारी ठिपके द्यायचे. ज्याला स्वतःला चार दिसत नाहीत त्यानं दुसऱ्याची परीक्षा घेऊ नये, असं ते म्हणायचे. सुरुवातीला मी नंतर नजर हलवून तपासायचो. आता हात इतका बसला आहे की बघावंसुद्धा लागत नाही. हेही तुझ्यासाठी आत्ताच बनवलं, उजवा डोळा मिटून. शाई वाळली की पाकिटात घालतो.

बाकी विशेष नाही. तुझ्या पाल्याचा वास आता आमच्या घरातही शिरला आहे. हिनं तुझी उशी आणली आहे. स्वतःसाठी म्हणते, पण रोज रात्री ती माझ्याच बाजूला सापडते. मी ढकलून देतो आणि सकाळी परत माझ्याच डोक्याखाली असते. घरात शांतता हवी म्हणून मी काही बोलत नाही.

कार्ड बघ आणि उत्तर पाठव. तुला कुणाच्या तरी हाताला धरून चालताना बघायची माझी तयारी नाही.

तुझा,
पाल्यावर विश्वास नसलेला भाऊ


९ फेब्रुवारी

चि. बुटक्यास,

अनेक आशीर्वाद. वयानं लहान आहेस म्हणून देते आहे, लायकी बघून नव्हे.

तुझं पत्र मशीनवर ठेवून मोठ्यानं वाचलं. तुझी भाची हसून हसून जमिनीवर बसली. निम्म्या पत्रानंतर मी मात्र हसायची थांबले. का ते पुढे सांगते.

आधी माझ्या डोळ्यांचं. आईचं झालं त्या वर्षापासून मी दरवर्षी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे जाते. दाब व्यवस्थित आहे, कडेची नजर व्यवस्थित आहे. माझं डोकं दुखतं ते दिवसभर मान मोडून उशा शिवते म्हणून. बाईंनीच सांगितलं, मशीनखाली दोन विटा ठेवा. ठेवल्या. आता निम्मं दुखतं. उरलेल्या निम्म्यासाठी पानं बांधते, कारण गरम पानांनी कपाळाला आणि मानेला छान वाटतं. छान वाटणं हा गुन्हा असेल, तर तुझ्या दुकानातला तो मोठा आरसा आधी काढ.

आणि मी उशी कुणाच्याही गळ्यात मारत नाही. दारात आलेल्याला पहिला प्रश्न असतो, "डोळे दाखवलेत का? रक्तदाब बघितलात का?" नाही म्हणाला, की आधी तिकडे पाठवते आणि मगच उशी देते. डोळे तपासायला तुझ्याकडे का पाठवत नाही, तेही ऐक. तू नंबर काढतोस. दाब मोजायचं यंत्र तुझ्याकडे नाही, ऐट मात्र मोठ्या सर्जनची. तुझ्या त्या शिक्षिकाबाईंना तुझ्याकडे चष्म्याला कुणी पाठवलं, विचार जाऊन.

आईची गोष्ट तू काढलीस म्हणून बोलते. पानं मीच आणायचे, खरं आहे. पण तिला दवाखान्यात न्यायला मी निघाले होते. चपला घालून दारात उभ्या होतो आम्ही दोघी. तेव्हा "नंबर वाढलाय, नवी काच बसवली की थांबेल" असं कोण म्हणालं होतं? एका वर्षात तीन चष्मे झाले तिचे. मीही एवढंच म्हणते आहे, जास्त काही म्हणत नाही.

आता तुझं कार्ड.

तू सांगितलंस तसं खिडकीजवळ बसून एक डोळा झाकला आणि फुलीकडे पाहिलं. ठिपके तीन दिसले. म्हटलं, बाईंच्या यंत्राला काय कळतंय, माझा भाऊच खरा निघाला. दुसरा डोळा झाकला, तरी तीनच. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून कार्ड नाकाशी धरलं, उजेडाकडे केलं, तुझ्या भाचीला दाखवलं.

बुटक्या, तुझ्या कार्डावर ठिपके तीनच आहेत. उजवीकडचा खालचा कोपरा कोरा आहे. चौथा ठिपका तू कुठे दिलास ते टेबलावर जाऊन बघ.

आणि ती कडी आतून निळसर, बाहेरून तांबूस असतात, हे तुला कुणी सांगितलं? माझ्याकडे एवढी दुखरी डोकी येतात. त्यांतलं एखादंच रंग दिसतात म्हणतं आणि तेही "काहीतरी रंगीत" याच्या पुढे जात नाही. कुठला रंग आत आणि कुठला बाहेर, आणि बघत राहिलं की मळमळतं, हे गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकून लिहिता येत नाही. त्यासाठी माणसानं स्वतः त्या कड्यांकडे बघत बसलेलं असावं लागतं.

तुझ्या बायकोनं माझ्याकडून आतापर्यंत तीन उशा नेल्या. तिलाही मी विचारलं होतं, डोळे दाखवलेस का? ती म्हणाली, "ताई, आमचं तर घरातच चष्म्याचं दुकान आहे." आम्ही दोघी हसलो आणि मी उशी दिली. एवढ्या वर्षांत नियम एकदाच मोडला आणि तोही नेमका तुझ्या डोक्यासाठी. या गोष्टीचा मला जो संताप आला आहे तो कागदावर मावणार नाही.

हे पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायचं नाही. बाईंकडे जायचं. मला शहाणपणाचं पत्र नको, त्यांनी काय सांगितलं तेवढं कळव.

तुझी,
दोन्ही डोळ्यांनी तुझ्याकडे बघणारी ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू दे.

तुझं पत्र वाचून मी एवढा चिडलो की ते तसंच टाकून टेबलाकडे गेलो. तुला खोटं पाडायचं होतं. टेबलावर हिरवं रेग्झीन आहे. कार्ड जिथे ठेवतो त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्याबाहेर शाईचे ठिपके होते. एखादा असता तर हात घसरला म्हणालो असतो. मुंग्या लागाव्यात तसे होते.

हिला हाक मारून विचारलं. ही म्हणाली, "चौथा ठिपका मीच देते हो कार्डांवर. मला वाटलं, घाईत राहतो तुमचा." कधीपासून, तर म्हणे गेल्या उन्हाळ्यापासून. तुझं कार्ड मी स्वतः पाकिटात घातलं, तिच्या हातून गेलं नाही, म्हणून ते तसंच गेलं. इतके महिने लोकांना फुलीकडे बघायला लावून मी ऐटीत विचारत होतो, किती दिसतात?

बाईंकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "ताईंचे भाऊ ना तुम्ही?" मग दाब मोजला आणि परत एकदा मोजला. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेली आहे आणि गेलेली परत येणार नाही. उजव्याला आत्ता कुठे सुरुवात आहे, तो राखता येईल म्हणतात. थेंब दिले आहेत. पुढच्या गुरुवारी सकाळी लेझरनं दोन्ही डोळ्यांत बारीक छिद्र पाडणार आहेत, पाण्याला वाट करून द्यायला.

उशीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. वास घाणच आहे. झोपल्यावर दुखणं उतरायचं त्याचं कारण पाला नाही, झोपेत बाहुली लहान होते आणि पाण्याला वाट मिळते, हे खुद्द बाई म्हणाल्या. तुला मुद्दाम कळवतो आहे. मात्र जुनी उशी चेपून पापड झाली आहे. येताना एक नवी आण.

आईच्या चष्म्यांबद्दल लिहिलंस. त्यावर मी इथे काही लिहिणार नाही. गुरुवारी समोर बसून बोल, वाटेल ते बोल, मी मध्ये तोंड घालणार नाही.

तुला यावंच लागेल. ही आत्तापासूनच रडते आहे आणि दवाखान्यात मला रडणारं माणूस शेजारी नको, शिव्या देणारं हवं. मला घाबरायला होतं आहे ताई. आई भिंत चाचपायची तो आवाज मला दिवसाढवळ्या ऐकू येतो.

सोबत एक कार्ड आहे. मालकांच्या रीतीनं बनवलं, उजवा डोळा मिटून, आणि या वेळी हाताच्या सवयीवर गेलो नाही. जेवढे जाणवले तेवढेच ठिपके दिले आहेत. चौथा तू दे, आणि कार्ड टपालानं पाठवू नकोस, हातात घेऊन ये.

तुझा,
बुटक्या