पाइन फोर्कची पहिली शर्यत कोणी जिंकली?

पाइन फोर्क, जॉर्जिया
९ ऑगस्ट २००७

प्रिय आणि (हे पत्र वाचून होईपर्यंत तरी) प्रेमळ व्हर्लीनआत्या,

तुझा भाचा रॅन्डल वाकून नमस्कार करतो. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत तुझे गुडघे सुखात असतील अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. आईचा रक्तदाब उतरला आणि माझा चढला, म्हणजे घरात एकूण होता तेवढाच आहे.

तो चढण्याचं कारण असं, की आपल्या गावच्या स्टॉक कार शर्यतीचं हे पन्नासावं वर्ष. समितीनं पुस्तिका काढायचं ठरवलं आणि शर्यतीचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं. वीस वर्षं मी कर्ण्यावरून शर्यतीचं वर्णन करतोय, तेव्हा ज्याला एवढं बोलता येतं त्याला लिहिताही येत असणार, असा त्यांचा समज. (येत नाही. बोलताना समोरून चाळीस गाड्या धडधडत जातात, म्हणून माझ्या चुका कोणाला ऐकू येत नाहीत, इतकंच.) तरी मी बसलो. एकाहत्तर साली एक खेचर मैदानात शिरलं आणि दोन फेऱ्या सगळ्यांच्या पुढे होतं, ते लिहिलं. त्र्याऐंशी साली पहिल्या आलेल्या गाडीला थांबताच येईना, ती कुंपण तोडून चर्चच्या बाप्तिस्म्याच्या तळ्यात गेली आणि पाद्रीबाबांनी चालकाला तिथल्या तिथे पावन करून घेतलं, तेही लिहिलं. राहिलं फक्त पहिलं वर्ष, अठ्ठावन्न. ते तर गावात शेंबड्या पोरालाही पाठ : माझ्या बाबांनी, होइटनं, जुन्या फोर्डमधून ती शर्यत जिंकली, त्या वर्षी पीचच्या जत्रेत सुंदरी म्हणून निवडलेल्या पीचराणीनं विजेत्याच्या गालाचा मुका घेतला, आणि वर्षाच्या आत ती पीचराणी माझी आई होण्याच्या मार्गाला लागली. बाबांना जाऊन चार वर्षं झाली म्हणून समितीनं यंदा प्रेक्षकांच्या नव्या गॅलरीला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं होतं. पाटीसुद्धा रंगवून तयार होती.

म्हटलं, चार शोभेची वाक्यं मिळतील, म्हणून वृद्धाश्रमात थर्मनकाकांना भेटायला गेलो. पहिल्या शर्यतीत झेंडा दाखवायला तेच होते. आता एकोणनव्वद वर्षांचे आहेत; दुपारी काय जेवले ते आठवत नाही, पण अठ्ठावन्न साल कालच्यासारखं. मी बाबांचं नाव काढलं आणि ते इतके हसले की नर्स धावत आली.

“होइट कसला जिंकतोय! तो कुंपणामागे पोट धरून ओकत होता. उन्हात ठेवलेली भरली अंडी खाल्ली होती लेकानं, एकट्यानं नऊ!”

“मग गाडीत कोण होतं?”

“आता ते मी कशाला सांगू? बाईमाणसाला उतरायची बंदी होती तेव्हा. तोंडाला रुमाल, डोळ्यांवर गॉगल, वर लाल मातीचा लेप. पण चषक घ्यायला हातमोजे काढले ना, तेव्हा नखं रंगवलेली होती, पोरा. गुलाबी!”

आत्या, बाबांना बहीण एकच होती. (अंडी कोणी केली होती ते थर्मनकाकांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.)

घरी येताना मला चषकाची चिंता नव्हती, पाटीचीही नव्हती. चिंता होती आईची. ज्या मुक्यावर तिनं पंचेचाळीस वर्षांचा संसार उभा केला, तो तिनं आपल्या होणाऱ्या नणंदेचा घेतला होता, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? शेवटी मी जुनीच गोष्ट लिहून मोकळा झालो आणि शुद्धलेखन तपासायला आईपुढे ठेवली. (मास्तरीण ती, दुसऱ्या कोणाला दिली असती तर महिनाभर बोलली नसती.) तिनं लाल पेन्सिल घेतली, स्वल्पविराम नीट केले, आणि शांतपणे तीन ठिकाणी ‘होइट’ खोडून ‘व्हर्लीन’ लिहिलं. माझ्या हातातला गार चहा गालिच्यावर.

“तुला ठाऊक होतं?”

“रॅन्डल, तुझ्या बापाला जन्मात कधी डावीकडे धड वळता आलं का? आणि त्या शर्यतीत दुसरं वळणच नसतं.”

“मग त्यांच्याशी लग्न का केलंस?”

“दुसऱ्या दिवशी तो दारात आला. चेहरा काकडीसारखा हिरवा. म्हणाला, काल तू मुका घेतलास तो मी नव्हे, माझी बहीण होती, आणि हे कोणाला सांगू नकोस, नाहीतर आमचे वडील तिला घराबाहेर काढतील. स्वतःचं हसं करून घेऊन खरं बोलणारा दुसरा माणूस या गावात मला तरी भेटला नव्हता.”

मग डोळे पुसून म्हणाली, “तिचे वडील गेले, बंदी गेली, तोही गेला. आता किती दिवस गप्प बसायचं?”

समितीच्या बैठकीला ती माझ्याबरोबर आली, थर्मनकाकांची चाकाची खुर्ची ढकलत. अध्यक्ष लॅसिटर म्हणाले, नखांच्या रंगावरून पन्नास वर्षांचा इतिहास बदलता येत नाही. आई उठली.

“मुका मी घेतला होता, लॅसिटर, तू नव्हे!”

ठराव एकमतानं मंजूर झाला. गॅलरीला आता तुझं नाव आहे. बाबांचं नाव तिच्याखालच्या खाद्यपदार्थांच्या टपरीला दिलंय. आईला पसंत आहे. म्हणाली, होइट असता तर तिथेच सापडला असता.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी शर्यत आहे. तुझी आठवण निघेलच. प्रकृतीला जप.

तुझा,
रॅन्डल

ता. क. – एवढ्या लांब येणं जमणार नसेल तर मुळीच संकोच करू नकोस. आम्ही समजून घेऊ.

ता. क. २ – वरचं वाक्य शिष्टाचार म्हणून लिहिलं. शर्यतीची सुरुवातीची मानाची फेरी तू स्वतः चालवणार, असे फलक तीन तालुक्यांत लावून झालेत. नाही आलीस तर मला हे गाव सोडावं लागेल, आणि मी माझ्या तिन्ही कुत्र्यांसह थेट तुझ्याकडेच राहायला येईन.

ता. क. ३ – आईनं आत्ताच हे वाचलं आणि म्हणाली, एक सांगायचं राहिलंच. तिनं समितीकडे त्या फेरीसाठी दुसरी गाडी मागितली आहे. म्हणते, नणंदेला एकटीला पुढे जाऊ देणारी भावजय मी नव्हे. सोमवारपासून ती थर्मनकाकांच्या ट्रकवर सराव करतेय. पाद्रीबाबांच्या अंगणात गुलाब होते. आता नाहीत.