एक कप गोड, एक कप बिनसाखरेचा

मी, चिआ गेक सुआन, कै. यो तेंग हुआट यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार लोरोंग बुनियान, जॉर्जटाऊन, पिनांग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सहीला गुडघे लागत नाहीत. यापूर्वी वकीलबाईंनी टाईप करून दिलेलं माझं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. त्यात चूक काही नव्हती, पण त्यात मी कुठे दिसत नव्हते.

वकीलबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "आजी, यात घर, पैसा, दागिने एवढंच लिहायचं. आवडीनिवडी नाही लिहायच्या."

मी म्हटलं, "मग मेल्यावर मला जेवायला तुम्ही वाढणार आहात का?"

बाई हसल्या, पण लिहिलं नाही ते नाहीच. आमच्या घरात गेलेल्या माणसाला त्याच्या तिथीला त्याच्या आवडीचं वाढतात. पहिल्या वर्षी जे वाढलं तेच पुढे वर्षानुवर्षं वाढलं जातं. जेवण झालं का, ते दोन नाणी टाकून विचारायचं. एक छापा, एक काटा पडला तर झालं. दोन्ही सारखी पडली तर नाही. म्हणजे मेलेल्या माणसाला फार तर नाही म्हणता येतं, काय हवं ते सांगता येत नाही. म्हणून मी जिवंतपणीच सांगून ठेवते आहे.

मला मुलगा एक, मुलगी एक. माझ्यामागे ती दोघं एका टेबलाशी बसतील की नाही, ही एकच काळजी मला आहे. बाकी सगळं मार्गी लागलेलं आहे.

१. राहतं घर मुलगा यो बून हेंग, राहणार सिंगापूर, आणि मुलगी यो स्वी लिअन, निवृत्त परिचारिका, राहणार याच शहरात, या दोघांना समान हक्काने देते. लेकीचा वाटा कमी असतो असं सांगायला आमचे कोणी चुलत नातलग आले, तर त्यांना चहा द्यावा आणि दार दाखवावं.

२. बँकेतल्या पैशातून माझा अंत्यविधी व्हावा. उरेल ते दोघांत निम्मं निम्मं. अंत्यविधीला बँडवाले आणू नयेत. उगाच गळा काढणाऱ्या बायका तर मुळीच आणू नयेत. गेलेल्याला तिकडे वापरायला कागदाचे बंगले, कागदाच्या मोटारी जाळायच्या असतील तर जाळा, लोक नावं ठेवतील म्हणून. कागदी मोबाइल मात्र जाळू नये. जिवंतपणी वाजला तेवढा पुरे झाला.

३. व्हरांड्यातली वेताची खुर्ची कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्या आ सिओंगला द्यावी. दुपारी चार वाजता अंघोळ करून, केस ओले ठेवून, गार फरशीवर पाय टेकून त्या खुर्चीत बसण्यासारखं सुख मला तरुणपणी कधी मिळालं नाही. तेव्हा वेळ कुठे होता? तिथे बसून मी कालचं वर्तमानपत्र वाचते. आजचं वाचवत नाही, काळजी वाटते. कालच्या बातम्या वाचल्या तरी जग अजून जागेवर आहे हे समोर दिसत असतं. खुर्ची देते म्हणून आ सिओंगला साक्षीदार करता आलं नाही, असा कायदा आहे म्हणे. तो रुसला आहे. त्याने ही खुर्ची दुकानात गिऱ्हाइकांसाठी मांडू नये, स्वतः बसावं. चाळीस वर्षं उभा आहे तो माणूस.

४. माझ्या फोटोपुढे प्लास्टिकची फुलं ठेवू नयेत. मला ती हयातीत सहन झाली नाहीत. जेवताना गुडघा हलवणाऱ्या माणसाला माझ्या तिथीला बोलावू नये, मग तो जावई का असेना. जावईबापू, राग मानू नका, पण तुम्हाला सांगून सांगून मी थकले. कोणी बघत नसताना टीव्ही चालू ठेवू नये. आणि फोटो लावाल तो हसरा नको. तो बँकेसाठी काढला होता, फोटोवाल्याने जबरदस्तीने हसवलं.

५. आता पूर्वजांच्या देव्हाऱ्याचं. हे नीट वाचावं, दोघांनी, आणि जमल्यास मोठ्याने.

ह्यांना शेवटची काही वर्षं साखरेचा आजार होता. घरात पथ्य सांभाळलं ते स्वी लिअनने. सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी ती आमच्याकडे यायची आणि बापाला बिनसाखरेची काळी कॉफी करून द्यायची. हा माणूस जन्मभर कॉफीत दाट गोड दूध ओतून पिणारा. गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा, "ही पोरगी मला साखरेवाचून मारणार." ती ऐकून घ्यायची आणि कप पुढे सरकवायची.

तो गेल्यावर त्याच्या तिथीला तिने तीच कॉफी देव्हाऱ्यापुढे ठेवली. सवयच ती. आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही की मेलेल्या माणसाला कसलं आलंय पथ्य. दरवर्षी नाणी कुरकुर करायची. पुन्हा पुन्हा टाकावी तेव्हा कुठे होकार यायचा. पाचव्या वर्षी तर येईचना. मी टाकते आहे, दोन्ही छापे. टाकते आहे, दोन्ही काटे. स्वी लिअनचा चेहरा उतरत चाललेला.

बून हेंग त्या वर्षी सिंगापूरहून आला होता. तो चर्चला जातो, उदबत्ती हातात धरत नाही, मागे उभा राहतो. तो म्हणाला, "मा, पप्पाला दूध घातलेली हवी असेल." स्वयंपाकघरात गेला, गोड दुधाचा डबा फोडला, कपात ओतून ढवळलं. "मी पूजा करत नाहीये हं. बापाला कॉफी देतोय."

मी नाणी टाकली. एक छापा, एक काटा.

इथवर सगळं ठीक होतं. पण त्याला जीभ आवरली नाही. म्हणाला, "बघ ताई, मेल्यावर तरी सुटला बिचारा तुझ्या तावडीतून."

स्वी लिअनने हातातलं ताट खाली ठेवलं. "वर्षातून एकदा येतोस, डबा फोडतोस आणि लाडका होतोस. रोज नाही म्हणायचं काम माझ्याकडे होतं. तो माझ्यावर रागावूनच गेला, हे मला माहीत होतं. आज तू ते सगळ्यांसमोर सिद्ध केलंस." आणि चप्पल घालून निघून गेली. तेव्हापासून तिथीला एक जण सकाळी येतो, एक संध्याकाळी. ताट दोनदा मांडते मी. बापही दोनदा जेवत असेल.

स्वी लिअन, हे तुझ्यासाठी. तुझ्या बापाचा स्वभाव तुला माहीत आहे. आ सिओंगने एकदा कॉफी पातळ केली तर ह्यांनी ती त्याच्या डोळ्यांदेखत गटारात ओतली आणि दुसरी मागितली. भाच्याच्या लग्नात चहा परत पाठवला, मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. न आवडलेला घोट ह्या माणसाने कधी गिळला नाही. फक्त तुझी कॉफी प्यायचा. तोंड वाकडं करून, पण तळापर्यंत. एकदा मीच वैतागले. "एवढी कडू लागते तर ओता की मोरीत. ती गेली कामावर, तिला कुठे कळणार आहे?"

मला म्हणाला, "पोरगी उभ्याउभ्या करून गेली. स्वतः घोटभर प्यायली नाही. ओतू कशी?"

हे मी तुला सांगायला बऱ्याचदा तोंड उघडलं. तू दर वेळी म्हणालीस, "मा, तो विषय नको." म्हणून आता इथे लिहिते. इथे तुला थांबवता येणार नाही.

बून हेंग, डबा आणलास ते बरोबर केलंस. त्यावर बोललास ते नको होतं. ते तुझ्या बहिणीला सांग, तिच्या घरी जाऊन, फोनवर नको.

६. माझ्या आवडी. वाफवलेला मासा आल्याचा, चिंचेचा नको. आप्पम, कडेने करपलेलं, मधला मऊ भाग ह्यांना द्यावा. फणसाचे गरे चालतील. ड्युरियनचं फळ नको, त्या वासाने डोकं उठतं, हे मी ह्यांच्यासाठी लपवून ठेवलं होतं.

आणि कॉफी, काळी, बिनसाखरेची. देव्हाऱ्यापुढचं टाकून द्यायचं नसतं, म्हणून स्वी लिअनचा तो कप नंतर दर वर्षी मीच प्यायले, गार झालेला. पहिल्या वर्षी जीभ आखडली. आता दुसरी चालत नाही. आ सिओंगला विचारा.

तेव्हा तिथीला दोन कप मांडावेत. ह्यांचा गोड, तो बून हेंगने करावा. दूध ढवळण्याला कोणताही देव हरकत घेणार नाही. माझा कडू, तो स्वी लिअनने करावा. एकाने दोन्ही करू नयेत. बून हेंगची काळी कॉफी म्हणजे गढूळ पाणी असतं, आणि स्वी लिअनचा हात अजून दुधाच्या डब्याकडे वळत नाही. आजारी असाल, अडकला असाल, तर तिथी पुढे ढकला, पण दोघं असा.

७. ती दोन नाणी माझ्या शवपेटीत माझ्या हाताशी ठेवून द्यावीत. मागे ठेवू नयेत. मी जेवले का, हे कोणी विचारत बसू नये. दोघं एका टेबलाशी असाल, तर मी जेवले. एकटंच कोणी आलं असेल, तर ताट झाकून ठेवा आणि दुसऱ्याची वाट बघा. मला घाई नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्याच वकीलबाईंनी करावी. वर लिहिलेलं सगळं वाचून, समजून, चष्मा लावून सही केली आहे.

चिआ गेक सुआन
जॉर्जटाऊन, पिनांग
२ मार्च २०१९

आम्हा दोघांसमोर आणि एकाच वेळी आजींनी वरील सही केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

साक्षीदार:
१. कमलवेणी सुप्पैया, निवृत्त शिक्षिका, शेजारचं घर
२. नसिर बिन यूसोफ, घड्याळ दुरुस्ती, समोरचं दुकान