नर्मदाकाकूची औषधांची पिशवी

प्रिय दादा,

एका प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही. ताप आला की आपल्याकडची माणसं कोणत्या डॉक्टरकडं गेलो ते नाव घेऊन सांगतात. शाळेतल्या मास्तरांचं आडनावही त्यांना पाठ असतं. पण ज्याच्या हातून गोळी घेऊन तोंडात टाकतात, तो नुसता 'मेडिकलवाला' असतो. असं का? परभणीला बी.फार्मसी करताना वाटायचं, लोकांना आमचं काम माहीत नाही म्हणून. आता वाटतं, थोडा दोष आमचाही आहे. पण पुरतं उत्तर माझ्याकडं नाही. हे फोनवर बोलले असते तर तू उसाच्या फडातून 'बरं बरं, रेंज न्हाई' म्हणून ठेवून दिला असतास. चार दिवस गावी आलेला राम परत कारखान्यावर यायला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. बाबांना वाचून दाखव, पण आधी तू एकट्यानं वाच.

रामच्या आईची, म्हणजे आपल्या नर्मदाकाकूची तब्येत तू सारखी विचारतोस. काकू आता ठणठणीत आहे. दिवाळीनंतर तुमची ऊसतोडीची टोळी गेली आणि काकूला चक्कर यायला लागली. पंधरा दिवसांत तीनदा. तिसऱ्यांदा तर पिठाच्या गिरणीतच पडली. कोणी म्हणालं अशक्तपणा आहे, कोणी म्हणालं सलाईन लावा. शेजारच्या धुरपताबाईनं तर निकालच दिला, "पोरगं फडावर गेलं, त्याचा घोर हाय हा." मी काकूला एवढंच म्हटलं, घरात जेवढी औषधं आहेत तेवढी सगळी आण. तिनं पिशवी ओट्यावर पालथी केली. खोकल्याची रिकामी बाटली, मलमाची ट्यूब, आणि बीपीच्या गोळ्यांची दोन पाकिटं, एक चंदेरी आणि एक लाल. ती रोज सकाळी दोन्हींतली एकेक खात होती. दोन्हींवर कंपनीचं नाव वेगळं, आणि खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव एकच.

झालं होतं असं की सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या मध्ये संपल्या होत्या, तेव्हा तिथून बाहेरची लिहून दिली. काकूनं ती मेडिकलमधून आणली. पुढं दवाखान्यात परत मिळायला लागली, तीही सुरू झाली. मी विचारलं, "काकू, दोन्ही कशाला गं?" तर मलाच म्हणते, "दोन रंगाच्या हायत माय, मंग दोन औषधंच की. एक सरकारी, एक इकतची. इकतची टाकून देऊ का?" मागं उभी असलेली धुरपताबाई हसून म्हणाली, "यवढं शिकली आन् आता लोकायच्या गोळ्या मोजायलीय."

मी स्वतःच्या मनानं काही बंद केलं नाही. टमटमनं काकूला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी बीपी दोनदा मोजलं, फारच खाली गेलेलं होतं. लाल पाकीट त्यांनी स्वतःकडं ठेवून घेतलं आणि विचारलं, हे कोणाच्या लक्षात आलं? काकू म्हणाली, "आमच्या राधाकिशनची पोरगी हाय. मेडिकलचं शिकलीय." डॉक्टर माझ्याकडं वळले. "चांगलं काम केलंत. कुठं बसता तुम्ही?" अभ्यास चालू आहे, असं काहीतरी पुटपुटले.

दहा दिवसांनी काकू पिठाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीतून आली, ती मुद्दाम लांबच्या गल्लीनं. दारोदारी थांबून पिशवीची गोष्ट सांगत. पुढच्या बाजारच्या दिवशी आपल्या ओट्यावर चार बाया पिशव्या घेऊन बसल्या होत्या. त्याच्या पुढच्या बाजारी अकरा. एकीनं 'साखर गेली' म्हणून साखरेच्या गोळ्या महिनाभर सोडल्या होत्या. एक आजोबा तीन वर्षांपूर्वीचे डोळ्यांचे थेंब घालत होते आणि डोळे चुरचुरतात म्हणून आणखी घालत होते. बदल करायचा असेल तिथं मी चिठ्ठी लिहून आरोग्य केंद्रात पाठवत गेले. आधी नर्सबाई कपाळाला आठ्या घालायच्या. आता डॉक्टरच निरोप पाठवतात, पेशंट नवीन गोळी घेतोय, जरा समजावून सांगा.

सगळ्यांत शेवटी धुरपताबाई आली. पिशवी पदराखाली. "तुला येतंय का बगावं म्हणलं." तिची थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते, ती ही घेत होती रात्री जेवून, दुधासोबत. मी सांगितलं. पिशवी परत पदराखाली घालून उठून गेली. महिन्यानं वालूरहून तिची बहीण आली, तीही पिशवी घेऊन. तिला हिनं सांगितलं होतं, "आमच्या ऋतिकाला इचार." माझं नाव घेऊन, दादा. त्या दिवशी मी आईला चार वेळा तेच सांगितलं. चौथ्या वेळी आई म्हणाली, "कळलं गं बाई, आता भाकरी खाय."

आता जे लिहायला इतका वेळ लावला ते लिहिते. त्या पहिल्या दिवशी काकूच्या पिशवीतून आणखी एक गोष्ट पडली होती, ती मी कोणालाच दाखवली नाही. लाल पाकिटाचं बिल. दुकान तालुक्याचं, दिनकररावांचं. आणि खाली फार्मासिस्ट म्हणून छापलेलं नाव माझं. ज्या दुकानात मी एक दिवसही बसले नाही, तिथून माझ्या नावावर ती गोळी काकूच्या हातात गेली. 'ही त्या गोळीच्या जागी आहे, दोन्ही एकदम खाऊ नका,' एवढं एक वाक्य तिला कोणी सांगितलं नाही. ते वाक्य सांगण्यासाठीच तर मी शिकले. तिथं माझं सर्टिफिकेट तेवढं भिंतीवर होतं.

माझं सर्टिफिकेट त्यांच्या दुकानाला वापरायला द्यायचं तू चांगल्या मनानं जमवलंस, हे मला माहीत आहे. पोरीला रोज येण्याजाण्याचा त्रास नको, घरबसल्या दरमहा काही मिळेल, सरकारी परीक्षेचा अभ्यासही होईल. माझी वही मिटू नये म्हणून तू बारावी सोडून कोयता हातात घेतलास. त्या हातानं दिनकररावांना दिलेला शब्द मोडायचा कसा, म्हणून मी तीन महिने गप्प बसले. पण हो म्हणून सही मीच केली होती, म्हणून मोडायचाही मीच.

गेल्या सोमवारी त्यांच्या दुकानात गेले. आधी सरळ विचारलं, मला रोज इथं बसू द्या. ते हसले. "ताई, तुमचा कागद हाय ना भिंतीवर, बास झालं. तुमच्या भावाशी बोलणं झालंय." त्यांचा फोन तुला येईल, त्याआधी हे माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. मी स्टूल ओढलं, वर चढले आणि फ्रेम उतरवून पिशवीत घातली. तिथून परभणीला औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन काम सोडल्याचा अर्ज स्वतः दिला, पोच घेतली. चारठाण्याला चतुराबाईंचं मेडिकल आहे, तिथले म्हातारे फार्मासिस्ट आता काम सोडताहेत. त्यांच्या जागी माझं नाव लागलं, आणि आज सकाळी दहापासून मी तिथं काउंटरमागं स्वतः उभी आहे.

तुझीच,
ऋतिका