भावोजी नुसते बसले

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक असं लिहायची पद्धत आहे, पण ठीक नाही. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस म्हणून कागद घेतला. शाळा तिसरीपर्यंतच, अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझ्या ऑफिसच्या भिंती रंगवून हे परत आले त्याला तीन आठवडे झाले. तेव्हापासून डोकं धरून बसतात. शिडीवर उभं राहून सरळ पट्टी मारणारा माणूस, आता डाव्या हातातून रंगाचा डबा सुटतो. काल शर्टाचं एक बटण लावेपर्यंत माझा चहा निवला. डॉक्टरांनी विचारलं, डोक्याला मार लागला का. हे नाही म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. तिथे काय झालं ते खरं लिही. गोड बोलून गुंडाळू नकोस.

रागावलेली, पण तुझीच,
ताई

ता. ७ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

अगं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. आमच्या मारामारीच्या गेमसाठी आम्ही खऱ्या माणसांची खोटी मारामारी कॅमेऱ्यात टिपतो; त्यात रोज मार खायला येणारा माणूस त्या दिवशी आला नाही. भावोजी ब्रश ठेवून हौसेने उभे राहिले. समोरच्याचं कोपर चुकून त्यांच्या कानाच्या वर लागलं. आमच्या गेममध्ये एका ठोशात माणूस भिंत फोडून पलीकडे पडतो आणि उठून पुन्हा लढतो. भावोजी नुसते खाली बसले. मग काही नाही म्हणाले आणि ब्रश धुवायला गेले. कॅमेऱ्यात तो मार इतका फिका दिसला की आम्ही तो गेममध्ये घेतलाच नाही. ताईला सांगू नका, मला फाडून खाईल, असं मीच त्यांना म्हटलं.

धाक आहे तसा लोभही राहू दे.
धाकटा

ता. १२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, आशीर्वाद आहेत, पण आज कमी आहेत.

तुझं पत्र तसंच नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. ‘नुसते खाली बसले’ याच्याखाली त्यांनी पेनाने रेघ ओढली आणि लगेच डोक्याचा फोटो काढायला पाठवलं. आत रक्त साचत होतं, थेंब थेंब, त्या दिवसापासून. संध्याकाळच्या आत कवटीला भोक पाडून काढलं. बाहेर बाकावर बसून मी तुला, तुझ्या गेमला, त्या कोपरवाल्याला, एकेकाला शिव्या दिल्या. शिव्या संपल्या तरी दार उघडेना.

शुद्धीवर आल्यावर यांनी पहिलं काय विचारावं? धाकट्याला कळवलं नाहीस ना, जिवाला लावून घेईल. दोघं मिळून एकमेकांना सांभाळत होतात आणि मी काय मेले होते?

आज हे उठले. तुझ्या गेममधल्यासारखे नाही. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नर्सबाई, पलंगापासून दारापर्यंत सोळा पावलं, आणि घामाने शर्ट भिजला. डावा हात अजून ऐकत नाही.

लोभाचं आल्यावर बघू. सुट्टी काढ आणि ये. रोज सकाळी यांच्या शर्टाची बटणं तू लावायचीस.

ताई