बिनगाण्यांची सीडी

४ मार्च, मंगळवार
नातीच्या लग्नाचं शूटिंग आलं. पाहिलं. ऐकायला मात्र काही नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती गाणी. माणसं तोंडं हलवतात आणि आवाज येतो बासरीचा. मी स्टेजवर उभी राहून एवढं भाषण केलं, अख्खा हॉल चिडीचूप झाला होता, आणि शूटिंगवाल्याने त्यावर ढोल बडवलेत. त्याला फोन केला. म्हणे, आजी, सगळ्यांना असंच आवडतं. मी म्हटलं, सगळ्यांनी भाषण केलं नव्हतं. त्याने फोन ठेवला. हल्ली ऐकून घ्यायची सवयच राहिली नाही कुणाला.

५ मार्च
ठरलं. ताईला सीडी पाठवायची. थोरली बहीण माझी. आमंत्रण फोनवर दिलं, घरी येऊन दिलं नाही, म्हणून रुसली. लग्नाला आली नाही, तेव्हापासून बोलत नाही. मी रागावलेली नाही. राग तिला आहे, मी फक्त फोन करत नाही. तिला आता डोळ्यांनी दिसत नाही, सगळी मदार कानांवर. म्हणून भाषण ऐकू यायला हवं. त्यात मी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं, लहानपणी तिने मला कसं सांभाळलं ते सांगितलं. लोकांनी डोळे पुसले. हे ऐकलं की ती आपणहून फोन करणार. लिहून ठेवते.

रात्री
मुलाने कॉम्प्युटर उघडून दाखवलं. आवाजाचे दोन ट्रॅक आहेत म्हणे. एक गाण्यांचा. दुसरा, भाषणासाठी माझ्या पदराला सकाळीच बारका माइक लावून ठेवला होता, त्याचा. ताईकडचा प्लेअर जुना. सीडी टाकली की पहिला ट्रॅक वाजतो. बदलायचं बटण रिमोटवर आहे, पण ते तिला दिसणार कसं? तेव्हा सीडी राइट करतानाच हवा तो निवडायचा. त्याच्या चौकटीत टिक करायची, बस्स. म्हटलं, मला येतं. तू तुझं ऑफिस बघ.
सून म्हणाली, आई, गाण्यांचाच ठेवा. का म्हणून विचारलं. म्हणे, बरा वाटतो ऐकायला. आणि दुसरा ठेवणार असाल तर आधी पूर्ण ऐका. मी कशाला ऐकू? बोलले तर मीच ना. तिला माझं भाषण खुपतंय, दुसरं काही नाही. तिच्या माहेरच्या एकालाही दोन वाक्यं धड बोलता आली नव्हती.

७ मार्च, दुपारी
गाण्यांची टिक काढून टाकली आणि सीडी राइट केली. लावली. आवाजच नाही. सगळे मुकाट जेवतायत, नवरी मुकाट रडतेय.
मुलगा संध्याकाळी म्हणाला, आई, एक टिक काढलीस, पण दुसरी केलीच नाहीस. म्हटलं, एक उठला की त्या खुर्चीत दुसरा आपोआप बसतो, एवढी अक्कल त्या कॉम्प्युटरला नको? तो हसला. बापावर गेलाय.
उद्यापासून चिडायचं नाही. डॉक्टरांनीही सांगितलंय. डॉक्टरांना काय जातं सांगायला.

८ मार्च
धोका नको म्हणून दोन्ही चौकटींत टिक केली. परत बासरी. गाण्यांचा ट्रॅक वर, म्हणून तो पहिला. हे आधी सांगायचं नाही कुणी. सीडी मोडून टाकायला गेले, तर तीही धड मोडेना. हाताला लागलं. सुनेने मलम लावलं आणि परत तेच, एकदा ऐकून घ्या. मलमाला नाही म्हटलं नाही, बाकी ऐकलं नाही.

९ मार्च
जमलं. खालची टिक ठेवली, वरची काढली. सीडी लावून तपासलीसुद्धा. सुरुवातीलाच माझा आवाज, खणखणीत. या, बसा, म्हणतेय. एवढ्यावर समजलं. बंद केली.
पाकीट सुनेसमोर चिकटवलं. ती काही बोलली नाही. हरलेलं माणूस असंच गप्प बसतं.

१२ मार्च
ताईचा फोन नाही. कुरिअरवाल्याला झापलं. तो म्हणे, काल पोचवलंय, आजी. म्हणजे ती परत परत ऐकत असणार.

१३ मार्च
ताईच्या सुनेचा फोन आला. मला नाही, आमच्या सुनेला. स्वयंपाकघराचं दार लोटून बोलत होत्या. मग सून बाहेर आली, दुसरा ट्रॅक लावला आणि शेजारी बसली.
तो माइक सकाळपासून चालूच होता. विहीणबाईंची साडी सोफ्याच्या कव्हरासारखी दिसते, असं मी म्हणतेय. नातजावयाला मान आहे की डोकं थेट खांद्यांवरच ठेवलंय, असं म्हणतेय. सुनेबद्दल जे म्हटलंय ते ती शेजारी बसून ऐकत होती, इथे लिहीत नाही. मग शेजारणीला सांगतेय, ताई आली नाही ते बरंच झालं. आली असती तर सगळे तिच्या डोळ्यांचीच चौकशी करत बसले असते, माझ्या नातीकडे कोण बघणार होतं?
मग भाषण. माइक चालू आहे का? येतोय का आवाज? बरं. सगळ्यांनी जेवून जा.
टाळ्या. संपलं.
ताईचं नाव मी घेतलं होतं. मला पक्कं आठवतंय. घरी तयारी करताना तर नक्कीच घेतलं होतं.

१४ मार्च
ताईचा फोन आला. म्हणाली, ऐकली तुझी सीडी. सगळी ऐकली. आवाज स्वच्छ आहे.
मी म्हटलं, अगं, ते माइकचं असं असतं.
ती म्हणाली, गाण्यांची असेल तर ती पाठव. आणि फोन ठेवला.
फोन तिनेच केला. हे मी म्हटलं होतं तसंच झालं.

संध्याकाळी
वरच्या चौकटीत टिक केली, खालची काढली. सीडी झाल्यावर सुनेला हाक मारली. म्हटलं, जरा बस, पूर्ण ऐकून घेऊ. बसली. दोघींनी शेवटपर्यंत ऐकली. माझा आवाज कुठेच नाही.
पाठवायला हरकत नाही.