अर्ध्या गोणीची लाज

रवि. ९ नोव्हें.
सकाळी बुद्धविहारासमोर जमलो. अकरा घरं. नाल्याकाठची पट्टी साफ करायची, पोराबाळांसकट. 'एक घर, एक गोणी' हा नियम माझाच, त्यामुळे आपलीच अर्धी राहिली तर लोक म्हणणार, ह्या फोटोपुरत्या आल्या. विजयने, आर्याच्या बाबाने, कॅम्प तीनच्या बाजारातून आणलेले हातमोजे सगळे मोठ्या मापाचे, तिच्या हातात राहीनात. गोणी पाऊण भरल्यावर म्हणाली, "झाली ना आई?" म्हटलं, "दाब जरा, अजून मावेल." कोपरापर्यंत हात घालून दाबली पोरीनं. नऊ वर्षांची, पण काम मोठ्यांना लाजवील असं. मग चहा-बिस्किटं. छान गेला दिवस.

गुरु. १३ नोव्हें.
डबा भरत होते. आर्या मागून, "आई, कचऱ्यातली सुई लागली तर काय होतं?"
तळहातावर, अंगठ्याखाली, लाल ठिपका. रविवारचा. गोणीत इंजेक्शन होतं. तिनं सुई उपसली, रक्त फ्रॉकला पुसलं आणि चहाला आली.
"सांगितलं का नाहीस?"
"तू म्हणाली असतीस, बघून दाबायचं ना."
म्हणाले असते. अगदी हेच.

तोच दिवस, दुपार
सरकारी दवाखाना. डॉक्टरबाई चांगल्या. "कधी लागली?" रविवारी सकाळी. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. एचआयव्ही रोखायचं औषध बहात्तर तासांच्या आत सुरू करावं लागतं, आता उपयोग नाही. धनुर्वाताचं दिलं, काविळीची लस दिली. रक्त आज, मग सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. "धोका फार कमी असतो हो," तीनदा म्हणाल्या. फार कमी म्हणजे किती, ते विचारायची हिंमत झाली नाही.
रिक्षात हिशोब केला. बुधवारी सकाळी कळलं असतं तरी चाललं असतं. बुधवारी सकाळी केस विंचरताना हलते म्हणून मी तिला धपाटा घातला होता.

शनि. १५ नोव्हें.
विजय आनंदनगरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आला, तेव्हा सगळं नीट सांगितलं. परवापासून त्याला फक्त 'सुई लागली, लस दिली' एवढंच माहीत होतं. बूट न काढताच बसला. मग, "बाहेर कुणाला बोलू नको. लोकांना अर्धंच कळतं. शाळेत समजलं तर बाकावर एकटी बसेल ती." पटलं. आर्याला पण बजावलं. ती 'का?' म्हणाली नाही, नुसती मान हलवली.
भीती वाटते.

रवि. २३ नोव्हें.
आज परत सफाई होती. गेले नाही, पाठ दुखते सांगितलं. ग्रुपवर मात्र लिहिलं, पोरांना आणू नका, गोणी दाबू नका, चिमटे वापरा. का, ते नाही लिहिलं. शेजारची जयश्रीताई लगेच दारात, "काय झालं गं ताई? पोरांनाच तर मजा येते." म्हटलं, साप-बिप निघतात. खोटारडी मी. हिची दोन पोरं तिथंच हात घालतात.

बुध. ३ डिसें.
ताप. ९९.६. वर्गात निम्म्या पोरांना सर्दी आहे. तरी...
तिचा ब्रश वेगळ्या ग्लासात ठेवला. मग परत आमच्यात. मग परत वेगळा. विजयनं पाहिलं.

मंगळ. २३ डिसें.
दुसरा रिपोर्ट. निगेटिव्ह. विजय दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला, लोक बघत होते. मला रडू येईना. अजून एक बाकी आहे, फेब्रु.त. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता निम्मी काळजी सोडा. कुठली निम्मी सोडू?

रवि. ११ जाने.
संध्याकाळी विहारासमोर पोरं खेळत होती. आर्या पडली, गुडघा फुटला, भळाभळा रक्त. जयश्रीताई जवळच होती, ओढणीनं पुसायला वाकली. मी कठड्यावरून ओरडले, "हात लावू नका तिला!"
सगळे थांबले.
माझ्या आजीला गावच्या पाणवठ्यावर हे ऐकावं लागायचं. ती सांगायची तेव्हा आम्हा पोरांच्या मुठी वळायच्या. आज मी म्हटलं, स्वतःच्या पोरीबद्दल, विहाराच्या दारात.
आर्या रडली नाही. पाय पोटाशी ओढून घेत म्हणाली, "राहू दे मावशी, मी माझं माझं पुसते." सवय झाल्यासारखं बोलली.
घरी आणून जवळ घेतली. गुडघा उघडाच, माझ्या हाताला, गाऊनला रक्त. विचारते, "फेब्रुवारीपर्यंत असंच ना आई?" मी नाही म्हटलं. तिला खरं वाटलं नाही, दिसत होतं.
जयश्रीताई दोनदा दार वाजवून गेली. विजय म्हणतो, नको उघडू. तिसऱ्यांदा वाजलं तर उघडीन म्हणते.