पायथ्याशी परत ठेवलेली काठी

प्रिय ताई,

शाळेच्या चढावर सिस्टर दिसल्या की आपण दोघी घाईघाईने मोजे वर ओढायचो, आठवतं? काल हाँगकाँगच्या डोंगरवाटेवर ते आठवून मी एकटीच हसले.

इथे झालेल्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच चढले. तू काळजी करशील म्हणून आधी कळवलं नाही. पायथ्याशी लोक नंतर येणाऱ्यांसाठी बांबूच्या काठ्या ठेवून जातात, त्यातली एक घेतली. अर्ध्या वाटेवर रोज येणाऱ्या लाउकाकांनी थर्मास उघडला.

"बसा बाई, डोंगर कुठे पळून जात नाही."

"मी तरी कुठे पळतेय, काका?"

त्यांच्या चहाने जिवात जीव आला. माथ्यावरून समुद्र दिसला. पलीकडचं आपलं मकाव धुक्यात होतं. आपल्या घराचे तीन जिने जमतील का, या धास्तीनेच मी परत येणं लांबवत होते. उतरताना थोडं दुखलं, पण देवाची कृपा, जमलं. काठी पायथ्याशी परत ठेवली.

तुझा खोकला कसा आहे? रविवारी बोटीने येते. माझ्यासाठी आणलेली चाकांची खुर्ची शेजारच्या फोंगमावशींना दे. माझ्यासाठी बघितलेली तळमजल्याची खोली आता नको म्हणून घरमालकांना सांग. वरची, खिडकीजवळची माझी खाट मात्र कुणाला देऊ नकोस.

तुझी धाकटी,
वाय-हान